रेडिएशनच्या पंधरा लाईट झाल्या, पंधरा राहिल्या. कुणाला काय सांगायचं?

बेदाणा

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला, आमची द्राक्षबाग आहे. वडिलांच्या आजारपणाबद्दल विचारतोय. लांबण लागेल, पण सगळं लिहिल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आप्पा ६१ वर्षांचे. पंचवीस-तीस वर्षांची तंबाखू-चुन्याची सवय. डाव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. ऑगस्टच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठीही काढल्या. एका गाठीत आजार आवरणाच्या बाहेर आलेला दिसला, म्हणून रेडिएशनबरोबर आठवड्याला एक केमो सांगितली. एकूण ३० लाईट, म्हणजे रेडिएशन ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार. आज पंधरावी झाली. शहरात मामेभावाच्या खोलीवर मी, आई आणि आप्पा राहतोय.

पहिले दहा दिवस आप्पा चालत जायचे, चालत यायचे. आता तोंडात सगळीकडे पांढरे चट्टे आलेत, लाळ गोंदासारखी चिकट झालीय, मानेची कातडी काळी पडलीय. भाकरी बंद. कालपासून भातही नको म्हणतात. दिवसभरात दोन वाट्या पेज आणि अर्धा ग्लास दूध जातं. वजन ५८ होतं, आज हॉस्पिटलच्या काट्यावर ५३.५ भरलं.

माझा खरा प्रश्न असा. डॉक्टर आठवड्यातून एकदा, मंगळवारी भेटतात. ते चांगले आहेत, पण बाहेर रांग असते, तीन-चार मिनिटांत सगळं होतं. आहाराच्या मॅडमनी पहिल्या दिवशी छापील कागद दिला, त्यात मोड आलेली कडधान्यं, सॅलड, पोळी-भाजी आहे. ज्याला पाणी गिळता येत नाही त्याने सॅलड कसं खायचं? तोंडाचे व्यायाम करा असं कागदावर लिहिलंय, करून कुणी दाखवलं नाही. केमोचे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत, ते विचारतात "रेडिएशनवाले काय म्हणाले?" आणि रेडिएशनवाले विचारतात "केमोवाले काय म्हणाले?" मधे मी. बारावी शिकलेला माणूस मी, दोन डॉक्टरांमधला निरोप्या झालोय आणि निरोप चुकला तर काय, या भीतीने रात्री झोप लागत नाही.

त्यात आप्पांनी काल विषय काढला. "आठ दिवस गावाकडं जाऊन छाटणी उरकून येतो, तोंडालाबी आराम पडंल, मग पुढच्या पंधरा घेऊ." मला ते पटत नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे कारण नाही. आणि माझी मुलगी तीन वर्षांची आहे. शेक, म्हणजे रेडिएशन घेतलेल्या माणसाजवळ लहान मूल नेऊ नये असं चुलत्यांनी सांगितलंय, म्हणून महिना झाला आजोबा-नातीची भेट नाही. ते खरं आहे का?

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. कोणती गोष्ट कुणाला सांगायची असते?

---

यंत्रखोली

दादा, मी डॉक्टर नाही. मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे. २३ वर्षं झाली, रेडिएशनच्या जुन्या कोबाल्ट मशीनवर सुरुवात केली, आता नव्या, लिनॅक मशीनवर असते. तुमच्या आप्पांना रोज टेबलावर झोपवून मास्क लावणारी जी माणसं आहेत, त्यांच्यातली एक समजा. तुमच्या हॉस्पिटलमधली नाही, त्यामुळे औषधाचं काही सांगणार नाही. माझ्या खोलीतून दिसतं तेवढं सांगते.

छाटणीचं आधी. आप्पांना जाऊ देऊ नका. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनला सुरुवात झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी, उरलेल्या आजाराच्या पेशी आधीपेक्षा जास्त वेगाने वाढायला लागतात. तुम्ही आत्ता नेमके तिथेच आहात. ३० लाईट सहा आठवड्यांत संपवायच्या, यातल्या सहा आठवड्यांना तीसइतकंच वजन आहे. मधे फुकट गेलेला एकेक दिवस आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण टक्का-दीड टक्का कमी करतो. आठ दिवसांचा हिशेब तुम्हीच करा. मशीन बंद पडलं किंवा ताप आला म्हणून एखादा दिवस चुकलाच, तर डॉक्टर आणि फिजिसिस्ट (किरणांचा हिशेब मांडणारे) मिळून तो भरून काढतात. कधी शनिवारी बोलावतात, कधी एकाच दिवशी दोन लाईट देतात, मधे किमान सहा तास ठेवून. पण ते आम्हाला कळलं तर.

नातीला उद्याच आणा. बाहेरून दिलेल्या रेडिएशनचं अंगात काहीही उरत नाही. मशीन बंद झालं की दार उघडून आम्ही लगेच आत जातो, पेशंटच्या अंगाला हात लावून मास्क काढतो. आमच्या छातीवर किरण मोजणारा बॅज असतो. त्यांच्या अंगातून काही येत असतं तर सगळ्यात आधी ते आमच्या बॅजवर दिसलं असतं. पोरीला मांडीवर बसू द्या. फक्त तिला सर्दी-खोकला असेल त्या दिवशी नको, कारण केमोमुळे आप्पांची प्रतिकारशक्ती कमी असते.

आता तुमचा खरा प्रश्न. डॉक्टर आठवड्यातून एकदा बघतात हे खरं आहे, पण आप्पांना रोज बघणारं माणूस त्या हॉस्पिटलमध्ये आहे. ते मशीनवर असतं. पेशंट दारातून आत येऊन टेबलावर झोपेपर्यंतची जी दहा-बारा पावलं असतात, त्यात आम्हाला पुष्कळ कळतं. काल स्वतः चप्पल काढली होती, आज मुलाने वाकून काढली. पायजम्याची नाडी आवळून बांधलीय. बोलताना तोंड उघडत नाहीत. आणि सगळ्यात खरं सांगतो तो मास्क. तो जाळीचा पांढरा मास्क गरम पाण्यात मऊ करून, पहिल्या दिवशीच्या चेहऱ्यावर बसवलेला असतो. टेबलाला खिळला की हनुवटीखाली बोट शिरता कामा नये. पेशंट बारीक व्हायला लागला की माझं बोट आत शिरतं. एक बोट गेलं की मी फिजिसिस्टला बोलावते. चेहरा मास्कमध्ये हलला, तर जिथे किरण पडायला हवेत तिथे न पडता शेजारी, पाठीच्या मज्जारज्जूच्या दिशेलाही सरकू शकतात. मग पुन्हा स्कॅन, नवा मास्क, नवं प्लॅनिंग. साडेचार किलो वजन उतरलंय म्हणता, तर उद्या मशीनवर तोंडाने विचारा: "मास्क सैल झालाय का, बघता का?" यात कुणाचा अपमान होत नाही.

एक गोष्ट सांगते, ती मला अजून टोचते. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या ठिकाणी काम करत होते तेव्हाची. जिभेच्या कॅन्सरचा पेशंट, ऊसतोडणी करणारा, बायको सोबत. १९ लाईट झाल्या आणि विसाव्या दिवशी आला नाही. आमच्या रजिस्टरमध्ये "गैरहजर" असं लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी परत "गैरहजर". असे सहा दिवस. सातव्या दिवशी मी फोन लावायला लावला, तेव्हा तो बीडला घरी होता. मग एकेक कळत गेलं. ड्रेसिंगच्या सिस्टरना माहीत होतं की तो चार दिवस काही खात नाहीये. मला माहीत होतं की मास्क ढिला झालाय, मी प्लॅनिंगला चिठ्ठी पाठवली होती, ती तिथेच पडून राहिली. समाजसेवा विभागातल्या मॅडमना माहीत होतं की धर्मशाळेतली त्याची मुदत संपलीय. आणि डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण त्यांच्या मंगळवारी तो "बरा आहे" म्हणाला होता. आम्ही चौघं एकाच मजल्यावर काम करत होतो. तिघांकडे एकेक तुकडा होता, आणि ते तीन तुकडे एका टेबलावर आलेच नाहीत. तो परत आला, राहिलेल्या लाईट पूर्ण केल्या. पण वर्षाच्या आत आजार परत आला. त्या सहा दिवसांमुळेच आला असं कुणी म्हणू शकत नाही. मलाही तसं म्हणता येत नाही, आणि तसं नाही असंही मला म्हणता येत नाही.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. पेशंट आला नाही तर त्याच दुपारी फोन, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि दर गुरुवारी शेवटचा पेशंट झाला की मशीन चालवायच्या कन्सोलपाशीच उभ्याउभ्या पंधरा मिनिटं: डॉक्टर, फिजिसिस्ट, सिस्टर, आहारतज्ज्ञ, समाजसेवावाल्या मॅडम आणि आम्ही. यादीतलं एकेक नाव घ्यायचं आणि ज्याला जे दिसलंय ते बोलायचं. चहाही नसतो. पण गुरुवारी बोललेलं शुक्रवारी होतं.

तुमच्याकडे असं काही आहे की नाही, मला माहीत नाही. ट्युमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक, बहुतेक मोठ्या ठिकाणी असतो, पण त्यात उपचार काय द्यायचे ते ठरतं. उपचार चालू असताना रोजचं कोण बघणार हे त्यात ठरत नाही. तोवर एक शंभर पानी वही घ्या. रोज एक ओळ: तारीख, कितवी लाईट, वजन, दिवसभरात किती मिली पोटात गेलं, लघवी किती वेळा, ताप, कुठे दुखतं. आणि प्रत्येक दारात ती पुढे करून म्हणा, "साहेब, तुम्ही काय सांगितलं ते एका ओळीत इथेच लिहून द्या." तोंडी निरोप नेऊ नका. त्यांच्या हातचं अक्षर दुसऱ्या इमारतीत न्या.

केमोवाल्यांना उद्याच्या उद्या दाखवा की पोटात जेमतेम अर्धा लिटर जातंय. आठवड्याच्या या केमोत सहसा सिस्प्लॅटिन नावाचं औषध असतं आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. पाणी कमी पडलं की तो भार वाढतो. लघवी कमी झाली, उलट्या थांबत नाहीत, कानात आवाज येतो, तर पुढच्या केमोआधी सांगायचंच. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्र असली तरी इमर्जन्सीत, मंगळवारची वाट बघायची नाही.

आणि मॅडमनी दिलेला कागद त्यांना परत नेऊन दाखवा. तो पहिल्या दिवसाच्या माणसासाठी होता. तो माणूस आता राहिला नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

---

निशिगंध

यंत्रखोली ताईंच्या प्रत्येक शब्दाला +१.

माझ्या मिस्टरांना जिभेच्या मुळाशी होता. नाशिकला ३५ लाईट घेतल्या. दोन वर्षं झाली, आता बरे आहेत, परवा मिसळ खाल्ली, पाव रश्शात भिजवून.

भाऊ, नळीबद्दल कुणी बोललं का तुमच्याशी? नाकातून घालतात ती. आम्हाला सोळाव्या लाईटला डॉक्टरांनी सुचवली आणि आम्ही दोघंही रडलो. नळी म्हणजे शेवट असं डोक्यात बसलेलं असतं. सासूबाई तर जेवल्या नाहीत त्या दिवशी. खरं म्हणजे नळी लागली आणि चार दिवसांत माणूस उठून बसला. शेवटच्या लाईटनंतर पाच आठवड्यांनी निघाली. दर दोन-अडीच तासांनी २०० मिली: मुगाचं कढण गाळून, नाचणीची पातळ खीर, दुधात मिल्क पावडर, भाताची पेज तूप घालून. किती आणि काय ते आहारतज्ज्ञांनी आमच्या घरच्या वाटीने मोजून दिलं. त्यांना तुमच्या घरातलं भांडं दाखवा, मग बरोबर सांगतात.

पण नळी असली तरी गिळणं पूर्ण थांबवू नका. आमच्याकडे स्पीच अँड स्वॉलो थेरपिस्ट होती, पंचविशीतली पोरगी. ती म्हणायची, काका, रोज दहा घोट पाणी तरी, दुखलं तरी. घशाचे स्नायू महिनाभर बसून राहिले की परत सहज कामाला लागत नाहीत. डॉक्टरांनी आधी विचारलं मात्र पाहिजे, ठसका लागून पाणी छातीत जात असेल तर वेगळं. आणि जबड्यासाठी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या, आज जितक्या मावतात त्याच्यापुढे आठवड्याने एक वाढवायची. गालाच्या ऑपरेशनवाल्यांचं तोंड आवळतं, आत्ता नाही केलं तर पुढे चमचा शिरत नाही. आपली तीन बोटं उभी मावली पाहिजेत.

दुखण्याचं औषध मागून घ्या. मिस्टर सहन करत बसले होते. पेन क्लिनिकमधून मॉर्फिन सुरू झालं तेव्हा मला सवय लागण्याची भीती वाटली. डॉक्टरांनी बसवून समजावलं, दुखणं ओसरलं तसं हळूहळू कमी करून बंदही केलं. जेवणाआधी अर्धा तास घेतलं की दोन घोट जास्त जायचे. त्याने पोट कडक होतं, त्याचं औषध सोबतच मागा.

---

दंतवैद्य_कोल्हापूर

थोडक्यात लिहितो. रेडिएशनआधी आप्पांचे खराब दात काढलेच असतील. आता महत्त्वाचं ते पुढचं: ज्या जबड्यावर लाईट पडली, तिथला दात इथून पुढे कधीही, पाच वर्षांनीसुद्धा, गावच्या दवाखान्यात परस्पर काढायचा नाही. त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरत नाही, हाड कुजू शकतं. कोणत्याही डेंटिस्टकडे गेलात तर पहिलं वाक्य "या जबड्याला रेडिएशन झालंय" हे. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडतात. मऊ ब्रश, फ्लोराइडचं जेल डॉक्टरांकडून लिहून घ्या. गुळण्या मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या, दर दोन-तीन तासांनी. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको.

---

बेदाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवसांनी लिहितोय, आज अठरावी झाली.

आधी छाटणीचं. ताईंचा टक्क्यांचा हिशेब आप्पांना सांगितला, ते नुसते ऐकत होते. मग म्हटलं, आप्पा, नवी फूट निघताना, पोंगा अवस्थेत पाऊस लागला आणि डाउनी रोगावरचा फवारा आठ दिवस चुकवला तर काय राहतं बागेत? गप बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग तू जा, मी न्हाय येत." मी दीड दिवस जाऊन मजूर लावून आलो. शेजारच्या काकांनी फोनवर व्हिडिओ लावून धरला, आप्पा खोलीत बसून बोटाने दाखवत होते, इथं काडीला दोन डोळं ठेव म्हणून. आवाज निघत नाही, आई मोठ्याने सांगत होती.

वही घेतली. पहिल्या दिवशी संकोच वाटला. मशीनवरच्या दादांनी मात्र वही हातात घेऊन दोन मिनिटं वाचली, आप्पांच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि कुणालातरी फोन केला. फिजिसिस्ट मॅडम खाली आल्या. काल परत स्कॅन झाला, नवा मास्क झाला. लाईट थांबवली नाही, आज नवीनवर दिली. मी विचारलं नसतं तर कधी लक्षात आलं असतं, देव जाणे. पण त्या दादांना बोल लावत नाही, त्यांच्याकडे दिवसाला सत्तर पेशंट आहेत.

केमोच्या डॉक्टरांनी वहीतला "५०० मिली" आकडा बघून लगेच रक्त तपासायला लावलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं निघालं. या आठवड्याची केमो थांबवलीय, सलाईन चालू केलंय, सोमवारी परत बघणार. त्यांनी वहीतच रेडिएशनच्या डॉक्टरांना उद्देशून तीन ओळी लिहिल्या, आणि त्यांनी खाली उत्तर लिहिलं. दोघांची अक्षरं एका पानावर आली तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं.

नळी परवा लागली. आई घाबरली होती, निशिगंध ताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. मिसळीच्या वाक्याला आप्पांनी मान हलवली.

काल बायको मुलीला घेऊन एसटीने आली. पोरगी आधी नळी बघून दारातच थांबली. मग आप्पांनी हात पुढे केला, तशी जाऊन मांडीवर बसली आणि नळीला बोट लावून विचारते, "आजोबा, हे कशाला?" आप्पांनी खुणेने दाखवलं, दूध प्यायला. दुपारी सिरिंजमध्ये पेज भरताना तीच उभी होती, वाटी धरून.

एकच विचारायचंय. रोजचा येण्या-जाण्याचा, खोलीचा खर्च अंगावर येतोय. उपचार जन आरोग्य योजनेत बसले, ते चालू आहे. बाकीचं कुणाकडे बोलायचं?

---

यंत्रखोली

वाचून फार बरं वाटलं दादा. क्रिएटिनिन वेळेत पकडलं गेलं, हे मोठं काम झालं.

खर्चाचं: योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसतात, त्यांच्याकडे आधी जा. मग समाजसेवा विभागात. तिथे सरळ सांगा की बारा लाईट राहिल्यात आणि खोलीचं भाडं जड जातंय. शेवटच्या आठवड्यात पैसे संपल्यावर सांगू नका, आत्ताच सांगा, म्हणजे त्यांना ट्रस्टकडे किंवा धर्मशाळेत बोलायला वेळ मिळतो. नंतर तपासणीला येताना रेल्वेची सवलत घ्या, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म लागतो. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकालाही सवलत मिळते. एसटीतही कॅन्सरच्या पेशंटला सवलत आहे, डेपोत विचारा.

शेवटची लाईट झाली की सगळ्यांना वाटतं सुटलो. पण तोंडाचं पुढचे दहा-पंधरा दिवस आणखी बिघडतं, मगच उतार पडतो. त्या दिवसांत तुम्ही गावाला असाल आणि रोज बघणारं कुणी नसेल. म्हणून तिसाव्या दिवशी निघण्याआधी वहीत तीन फोन नंबर लिहून घ्या, सिस्टरांचा, आहारतज्ज्ञांचा आणि नळी कोण काढणार त्यांचा. वहीतली रोजची ओळ गावीही चालू ठेवा.

आणि दर बुधवारी वजन किती भरलं ते इथे लिहा. मी बघत राहीन.

---

बेदाणा

हो ताई. आजचं ५३.७.